मांडवीकाठची शाळा

पणजीच्या कांपाल भागात मांडवी नदीला लागून कला अकादमीची इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला आणि १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. जांभ्याच्या लालसर रंगाची, उंचीचा दिमाख न मिरवणारी ही वास्तू रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत चटकन भरत नाही. छपराखालच्या सावलीतून माणूस चालत राहतो आणि पुढे एकदम नदीच दिसते. बाहेरगावच्या लोकांना हे नाट्यगृह म्हणून ठाऊक असते. परंतु ही शाळाही आहे. एकाच छपराखाली हिंदुस्थानी संगीताचे आणि पाश्चात्त्य संगीताचे वर्ग भरतात. एका खोलीतून तानपुऱ्याचा षड्ज ऐकू येतो, तर दुसरीतून व्हायोलिनवरचे सरावाचे धडे. मधल्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकदम ऐकावे लागतात, आणि काही वेळाने त्याची तक्रारही उरत नाही.

याच अकादमीत दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात शनिवार-रविवारला जोडून सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह होतो. करोनापूर्वीच्या एका नोव्हेंबरात आम्ही उभयता त्यासाठी गोव्याला गेलो. अर्धापूरहून नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर असा रस्त्याने प्रवास, कोल्हापुरात एक मुक्काम, आणि मग घाट उतरून गोवा. निमित्त होते बँकेतील एका जुन्या सहकाऱ्याचे आमंत्रण. ते मूळचे सासष्टी भागातील ख्रिस्ती गृहस्थ; नांदेडला आमच्या शाखेत तीन वर्षे होते. कॅश बंद झाल्यावर टेबलावर बोटांनी ताल धरण्याची त्यांची सवय संपूर्ण शाखेला परिचित होती. “साहेब, दोन दिवस तुमचे संगीत ऐका आणि एक दुपार आमचे,” असे त्यांनी फोनवर सांगितले होते.

समारोह ज्या सभागृहात झाला त्याला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. दीनानाथ मंगेशीचे. सभागृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगविलेले आम्ही पाहिले. दिवे मंद झाले की क्षणभर खरे कोण आणि रंगविलेले कोण, असा संभ्रम होतो. रंगविलेल्या प्रेक्षकांचे मोबाइल मात्र वाजत नाहीत. आमच्या रांगेविषयी तसे म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रात एका गायिकेने विलंबित तीनतालात ख्याल सुरू केला. सोळा मात्रांचे एक आवर्तन इतके संथ की दोन समांच्या मध्ये माणसाने घरचा हिशेब करून यावे. ती एका स्वरावर थांबली आणि थांबूनच राहिली. संवादिनीवाल्यांनी आपले बोट त्याच स्वरावर ठेवले. भात्याचा दाब किंचित कमी केला. तबलजींनी ठेक्यात एकही जादा बोल घातला नाही. तिघेही वाट पाहत होते. मग ती तिथून निघाली, दोन-तीन वळणे घेतली, आणि मुखडा अशा बेताने उचलला की सम तिघांची एकदम आली. सभागृहातून जी दाद उठली ती अर्थात गायिकेला होती. माझे लक्ष मात्र संवादिनीवाल्यांकडे होते. गायिका कोठे जाणार हे त्यांना आधी ठाऊक नव्हते, आणि तरीही ते तिच्या मागे अर्ध्या पावलावरच होते. ‘उपज’ हा शब्द आपण गाणाऱ्यापुरता वापरतो. प्रत्यक्षात साथ करणाऱ्याचीही तितकीच उपज चाललेली असते. फक्त ती ऐकण्यातून होत असते.

दुपारच्या सुट्टीत अकादमीचे काही विद्यार्थी ओसरीवर बसून तीच जागा गळ्यातून काढून पाहत होते. एकाला ती साधत नव्हती. दुसरा त्याला हाताने मात्रा मोजून दाखवीत होता. समारोह शाळेच्या आवारात भरविण्याचा खरा लाभ मला तेथे दिसला. तिकीट काढून येणारा श्रोता मैफल ऐकून घरी जातो. येथील मुलांना ती दुपारीच खतावणीत घालून पाहता येते.

ज्यांच्या नावाने हा समारोह होतो त्या केसरबाईंचा जन्म १८९२ मध्ये फोंडा तालुक्यातील केरी गावचा. अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली ती खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत. इतक्या वर्षांच्या मेहनतीने मिळविलेले धन त्यांनी फार जपून ठेवले. ध्वनिमुद्रणाबाबत त्या अतिशय काटेकोर. शिष्यांच्या बाबतीतही हात आखडता. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांचे नाव त्यांच्या शिष्या म्हणून घेतले जाते, त्यापुढे यादी लांबत नाही. दैवाचा खेळ असा की ध्वनिमुद्रणाला नाखूष असणाऱ्या याच बाईंची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर बसवून अंतराळात पाठविली गेली. जेमतेम साडेतीन मिनिटांचे ते गायन. व्हॉयेजर-१ सप्टेंबरच्या ५ तारखेला निघाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या.

रविवारची दुपार सहकाऱ्याच्या घरी गेली. गोव्यातील जुन्या घरांना पुढे बसण्यासाठी ‘बाल्कांव’ असते. दोन्ही बाजूंना सिमेंटचे बाक आणि वर कौलांचे छप्पर. तेथे चार वाद्ये मांडली होती : सॅक्सोफोन, गिटार, उभे मोठे बास आणि ड्रमचा आटोपशीर संच. वाजविणारे चौघेही साठीच्या पुढचे. यजमानीणबाईंनी आमच्यासाठी कांदा-बटाटा वगळून जेवण केले होते. गोव्याच्या घरात हे किती अवघड असते, ते स्वयंपाक करणाऱ्यांनाच कळेल.

या मंडळींचे शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत झालेले. पोर्तुगीज अमलात चर्चच्या या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू प्रार्थनेच्या संगीताचा होता. पण त्यातून नोटेशन सहज वाचणारे वादक पिढ्यान्पिढ्या तयार झाले आणि पोटासाठी मुंबईला गेले. धोबीतलावच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ होते. त्यांत खाट टाकून राहायचे आणि काम शोधायचे. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला; पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी न्यू ऑर्लिन्समध्ये घडविलेला जॅझ गोव्याच्या पोरांनी असा मुंबईत कानाने उचलला. त्यांतील आल्दोनचे आंतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या गाण्यांत जो ठसका आणला त्यात या गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा आहे. चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या नाचाकडे पाहताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

जेवणानंतर वादन सुरू झाले. पहिली चीज ‘ब्लूज’ची. सहकारी माझ्या शेजारी बसून म्हणाले, “साहेब, बारा खणांचा हिशेब आहे. प्रत्येक खणात चार मात्रा. मोजा, म्हणजे कोण कोठे आहे ते कळेल.” चाळीस वर्षे आकडे मोजण्यात गेलेल्या माणसाला याहून सोपे काम कोणते? बारा चोक अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन संपले की सगळे पुन्हा पहिल्या खणावर. तिसऱ्या फेरीला मला त्यांची सम सापडली. सॅक्सोफोनवाले आपली फेरी वाजवून बाजूला झाले. गिटारने त्यांचाच शेवटचा तुकडा उचलून पुढे नेला. शेवटी ड्रम आणि सॅक्सोफोन यांनी चार-चार खण वाटून घेतले. आपल्याकडे त्याला सवाल-जवाब म्हणतात.

साम्य मात्र ओढूनताणून फार लांबवू नये. आपल्या गायनात षड्ज अचल असतो. तानपुरा एकदा जुळला की रागाचे सगळे घर त्या पायावर उभे. जॅझमध्ये पायाच सरकतो. काही खणांनंतर स्वरांचा संघात बदलतो आणि वादकाला आपले स्वर त्या बदलाशी जुळवीत न्यावे लागतात. आपण एका स्वरात खोल उतरतो, ते सरकत्या जमिनीवर तोल सांभाळतात. माझ्या पत्नीला त्यांचे वादन धावपळीचे वाटले, आणि मलाही संथ ख्यालाचीच ओढ अधिक. सॅक्सोफोनवर राग वाजविण्याचा प्रयत्न मात्र गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७० च्या सुमारास केला होता. त्याहीपूर्वी, १९६५ मध्ये, अमेरिकेचे थोर वादक जॉन कोल्ट्रेन यांनी पंडित रविशंकरांवरील प्रेमापोटी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. दोन्ही काठांवरून माणसे पाण्यात उतरली होती.

त्या बाल्कांवात एक गोष्ट मात्र सकाळच्या मैफलीसारखीच होती. सॅक्सोफोनवाल्यांना दमा असावा. एका फेरीत त्यांचा श्वास मध्येच तुटला आणि तीन खण रिकामे गेले. बासवाल्यांनी न पाहता आपले स्वर दाट केले, ड्रमवाल्यांनी काठ्या ठेवून ब्रश घेतले आणि आवाज खाली आणला. म्हातारबुवांनी श्वास घेतला आणि चौथ्या खणावर ते परत आले. ज्याला ठाऊक नाही त्याला ती योजनाच वाटावी.

हे दृश्य पाहताना मला आमच्याकडचे कार्यक्रम आठवले. नांदेड परिसर संगीताला पारखा नाही. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले पंडित नाथराव नेरळकर मूळ नांदेडचे. सचखंड गुरुद्वाऱ्यात रागांवर बांधलेले कीर्तन चालते. गावोगावच्या भजनात पेटीवाला आणि पखवाजी असतात, आणि भजन म्हणणाऱ्या आजोबांचा दम पुरला नाही तर पखवाजी एक आवर्तन तसेच काढतो. आपल्या पूजांत आणि भक्तिसंध्यांतही साथीला माणसेच असत. अलीकडे मात्र जिकडेतिकडे ‘ट्रॅक’ लावतात. तयार वाद्यसंगीत मोबाइलमधून ध्वनिक्षेपकावर सोडायचे आणि त्यावर गायचे. स्वस्त पडते, जागा लागत नाही, कोणाची तारीख घ्यावी लागत नाही; आयोजकांची अडचण मला समजते, कारण अशा समित्यांचे हिशेब मीही तपासले आहेत. पण गेल्या काही वर्षांत एका कार्यक्रमात सत्तरीच्या एक बाई स्तवन म्हणता म्हणता गहिवरल्या आणि थांबल्या. ट्रॅक पुढे गेला. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचे दुसरे कडवे आणि वाद्यांचे तिसरे. त्यांनी हात जोडले आणि खाली उतरल्या. तेथे पेटीवाला असता तर तो थांबला असता. आणि त्या थांबण्याला श्रोत्यांनी भक्तीच म्हटले असते.

आमच्या भागातील पेटीवाले आता लग्नसराईतही फारसे बोलावले जात नाहीत. त्यांची मुले ती विद्या घेत नाहीत, आणि घ्यावी असे त्यांना सांगण्याचा अधिकार, त्यांना वर्षातून चार वेळा काम न देणाऱ्या आपल्याला, नाही.

विद्या जाते ती दोन्ही प्रकारांनी. केसरबाईंनी ती मुठीत ठेवली. गोव्याच्या वादकांनी ती मोकळ्या हाताने दिली. चित्रपटांसाठी कागदच्या कागद लिहिले, पण बऱ्याच चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधून सादर केले; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील अमिताभच्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते नाव सगळ्या देशाच्या ओठी बसले. ते एका खऱ्या माणसाचे आहे हे २०१२ मध्ये ते वारले तेव्हाही अनेकांना ठाऊक नव्हते.

समारोहाची शेवटची भैरवी ऐकून आम्ही बाहेर आलो तेव्हा ओसरीवर दुपारचीच ती दोन मुले होती. ज्याला जागा साधत नव्हती त्याला ती साधली होती की नाही, ते सांगता येत नाही. मात्र मोजणारा मुलगा आता मोजणे सोडून नुसता ऐकत होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. इमारत दुरुस्तीसाठी काही काळ बंद होती, ती २०२३ मध्ये पुन्हा उघडली. तरीही निघण्यापूर्वी समारोहाच्या तारखा आणि स्थळ यांची चौकशी अवश्य करावी. सायंकाळच्या मैफली लांबतात आणि त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण उरकूनच सभागृहात बसावे; दशम्या आणि खाकरे बरोबर असलेले बरे. जागा शक्यतो पुढच्या रांगेत, डावीकडे धरावी. आम्हाला तेथून संवादिनीवाल्यांची बोटे स्पष्ट दिसत होती.