करोलबागेत आवाज विकत मिळतो!

दिल्लीला गेलेली मराठी मंडळी करोलबागेत हमखास जातात, ती साड्या आणि लग्नाच्या खरेदीसाठी. अजमलखान रोडवरून पिशव्या सांभाळत बाहेर पडणाऱ्या गृहिणीला शेजारच्या नाईवाला गल्लीची कल्पनाही नसते. तिथे साड्यांऐवजी हँडल, आरसे, टायर लटकलेले असतात आणि दुकानाच्या दारात चकचकीत सायलेन्सर उसाच्या मोळीसारखे उभे करून ठेवलेले असतात.

मनाली-लेहचा रस्ता उन्हाळ्यात खुला होतो. त्याआधी लडाखला निघालेले तरुण आपली बुलेट घेऊन इथे येतात. सामानाचे स्टँड, जाडे टायर अशी यादी खिशात असते. पण डोळे खिळतात सायलेन्सरवर. त्यांची नावेही मोठी झोकदार! पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, गोल्ड स्टार. शेवटचे नाव बीएसए या इंग्रजी कंपनीच्या जुन्या मोटरसायकलवरून आले आहे.

बुलेटच्या आवाजाचे हे वेड आजचे नाही. ही गाडी 1955 पासून मद्रासेत तयार होऊ लागली. तिच्या 350 सीसीच्या जुन्या इंजिनात दट्ट्याचा प्रवास लांब, 90 मिलिमीटरचा. त्यामुळे चाल संथ. मिनिटाला सहाशे फेरे झाले तर स्फोट तीनशेच. प्रत्येक ठोका कानाला वेगळा ऐकू येतो, तीच ती प्रसिद्ध 'धक-धक'. 2009 च्या सुमारास नवे इंजिन आले, ठोका मवाळ झाला आणि हरवलेला आवाज विकणाऱ्यांचे फावले.

काम अगदी सोपे दिसते. मिस्त्री क्लॅम्प ढिला करतो, मागचा बोल्ट काढतो, जुना सायलेन्सर हलवून ओढतो, नवा चढवतो. किक मारताच सारी गल्ली दणाणते आणि मालकाच्या चेहऱ्यावर हसू फुटते.

खरी गोष्ट पोटात असते. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पडदे आणि कप्पे असतात. धूर त्यांतून वळसे घेत जातो आणि आवाज तिथेच जिरतो. बाजारातल्या अनेक नळकांड्यांत नुसती भोके पाडलेली नळी आणि भोवती काचलोकर. वाट मोकळी झाली की कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते, मागून फटाके वाजतात. जाणकार मिस्त्री मग मोठा जेट बसवतो. दिल्लीत ते ठीक. पण खारदुंगला खिंड सुमारे 17,500 फुटांवर; तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा. पेट्रोल आता जास्त होते, गाडी काळा धूर ओकत चढावर गुदमरते. दिल्लीतला इलाज लडाखात दुखणे होऊन बसतो! आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा तर निव्वळ भ्रम. एप्रिल 2020 पासूनच्या नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे यंत्रही त्याच मार्गात असते. ते काढून फेकणे म्हणजे विष सोडणेच.

कायदाही गप्प नाही. 175 सीसीवरील मोटरसायकलला आवाजाची मर्यादा 80 डेसिबलची आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते; शिवाय परवाना तीन महिने रद्द. कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर भररस्त्यात रोडरोलर फिरवले आहेत. दुकानदार मात्र पावती फाडताना यातले काही सांगत नाही.

आणि स्वाराचे काय? मनाली ते लेह सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, तेही दोन-तीन दिवसांत. करोलबागेत पाच मिनिटे गोड वाटलेला दणका सार्चूच्या तंबूत रात्री डोक्यात घुमत राहतो. वाटेतल्या गावात एखादी आजी घराबाहेर ऊन खात बसलेली असते. डोंगरावर डोंगर असल्याने गाडी दिसण्याआधीच तिला ऐकू येते, आणि दिसेनाशी झाल्यावरही येतच राहते.

अनुभवी स्वार सायलेन्सरला हातच लावत नाहीत. त्या पैशांत ते क्लचची जादा तार, ट्यूब आणि उबदार हातमोजे घेतात. हौस आवरत नसेल त्याने निदान कंपनीनेच त्या गाडीसाठी मान्य केलेला सायलेन्सर घ्यावा आणि जुना भंगारात न देता पोत्यात गुंडाळून घरी न्यावा. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागते.

करोलबागचा बाजार सोमवारी बंद असतो. मेट्रोच्या करोलबाग स्थानकावरून नाईवाला पायी जाण्यासारखे आहे.