ती हसत नव्हती

माझ्या फोनमध्ये कापशीचा एक फोटो आहे. दिवेआगरचा किनारा, मागे सुरूचं बन आणि पुढे वाळूत बसलेली माझी पांढरीशुभ्र कुत्री. तोंड उघडं, जीभ बाहेर, ओठांचे कोपरे मागे ताणलेले. हा फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. ‘किती गोड हसतेय!’ असं बहुतेकांनी लिहिलं आणि मलाही तसंच वाटलं. तीन वर्षं तो माझ्या फोनच्या पडद्यावर होता. आता तो पाहिला की त्यात दुसरंच दिसतं. जीभ टोकाशी रुंद झालीय, कान मागे पडलेत, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. दुपारचे बारा वाजले होते. वाळू तापली होती आणि तिला धाप लागली होती.

लेक शिकायला बंगळुरूला गेली, त्या वर्षी कापशी घरी आली. आम्ही तिला पॉमेरेनियन म्हणूनच आणलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जी कुत्री सर्रास मिळतात, ती बहुतेक भारतीय स्पिट्झ असतात. सहा किलो वजन, फूटभर उंची. लेकीची खोली रिकामी झाली होती, घरात बोलायला कोणी नव्हतं. मग भाजीला जाताना कापशी, बँकेत जाताना कापशी, बहिणीकडे हळदीकुंकवाला कापशी. ‘ती माझ्याशिवाय राहत नाही,’ असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर मी तिच्याशिवाय राहत नव्हते. हे मला फार उशिरा कळलं.

लहान कुत्रं उचलता येतं, आणि माझी चूक तिथेच सुरू झाली. शेजारच्यांचा लॅब्रेडोर फिरायला यायचं नसलं की फाटकातच बसकण मारतो. तीस किलोचं जनावर हलत नाही, मग शेजारी मुकाट्याने परत फिरतात. कापशीही बसायची. लिफ्टच्या दाराशी, रिक्षासमोर, गाडीजवळ आली की मागचे पाय दुमडून बसायची. मी म्हणायचे, ‘चल गं, नाटकं करू नकोस,’ आणि एका हाताने उचलून आत ठेवायचे. तिचा नकार सहा किलोंचा होता, मला तो सहज उचलता यायचा.

दिवेआगरच्या त्याच सहलीत, ताम्हिणी घाटात ती सारखी जांभया देत होती आणि जिभेने नाक चाटत होती. ‘झोप आली बिचारीला,’ असं म्हणून मी तिला मांडीवर थोपटत बसले. कुत्र्याची सतत जांभई, ओठ चाटणं, लाळ गळणं ही मळमळीची किंवा घाबरल्याची खूण असते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यातच घाटातल्या टपरीवर आम्ही पोहे घेतले आणि मी माझ्या बशीतले दोन घास तिला दिले. पोह्यांत कांदा होता. पुढच्या चार वळणांतच तिने सगळं ओकून टाकलं. ओकली हे तिचं नशीब. कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मी तिला कितीदा भरवला असेल, आणि त्यातल्या मनुका तर वेचून वेचून, तिच्यासाठी खास. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पण मला सांगायचंय ते मोरगावचं.

एप्रिलचा महिना होता. लेक सुट्टीला आली होती, म्हणून सकाळी पुण्याहून मयुरेश्वराच्या दर्शनाला निघालो. आठवडाभर आधी मी कापशीचे केस अगदी बारीक कापून आणले होते. उन्हाळ्यात तिला हलकं वाटेल, असा विचार होता. या जातीला दुहेरी केस असतात, आत मऊ लव आणि बाहेर लांब राठ केस. हे पांघरूण थंडीइतकंच उन्हापासूनही राखतं. मी ते काढून टाकलं आणि वर तिला एप्रिलच्या उन्हात साठ-पासष्ट किलोमीटर घेऊन निघाले. घरातून निघताना ती गाडीच्या दाराशी बसली होती. मी नेहमीप्रमाणे तिला उचललं.

मोरगावला दहाच्या सुमारास पोचलो. देवळात कुत्रं न्यायचं नव्हतं, तेवढं भान होतं. लेक म्हणाली, ‘आई, मी थांबते हिच्याजवळ, तू जाऊन ये.’ मीच म्हणाले, ‘अगं, दहा मिनिटांचं तर काम. एवढ्या लांब आलीस आणि दर्शन नको?’ गाडी लिंबाच्या सावलीत होती. चारही काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या, मागच्या सीटवर वाटीत पाणी ठेवलं. मला वाटलं, सगळी काळजी घेतली.

त्या दिवशी रांग मोठी होती. पंधरा मिनिटांनी मनात आलं की परत जावं. पण गाभारा समोर दिसत होता. पाऊण रांग संपली होती, आता बाहेर पडायचं कसं? मी थांबले. या एका निर्णयासाठी मी स्वतःला कुठलीही सबब देऊ शकत नाही. पहिल्या चुका अज्ञानातून झाल्या होत्या. इथे मला शंका आली होती, आणि ती मी बाजूला सारली.

परत आलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. सावली सरकली होती, अर्धी गाडी उन्हात होती. वाटीतलं पाणी सांडलं होतं. कापशी सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत आडवी पडली होती. धाप इतकी जोरात की सगळं शरीर हलत होतं. तोंडाला दोरीसारखी चिकट लाळ, हिरड्या विटेसारख्या लाल. मी हाक मारली तर डोळे वळले, पण मान उचलली गेली नाही.

मी बाटली उघडून तिच्या तोंडात पाणी ओतायला लागले. नारळ-हाराच्या दुकानातल्या बाई धावत आल्या. ‘आवं ताई, तोंडात नगा वतू, ठसका लागंल तिला. अंगावर टाका, पोटावर टाका.’ त्यांनी त्यांची हार भिजवायची बादली आणली आणि कापशीच्या पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओतलं. लेकीने ओढणीने वारा घातला. मग ओल्या टॉवेलवर तिला निजवून, गाडीचा एसी पूर्ण सोडून जेजुरी गाठली. तिथे जनावरांचे एक डॉक्टर भेटले. ताप मोजला तर १०६ होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्यांनी सलाइन लावलं आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘किती वेळ होती गाडीत?’ मी ‘वीस-पंचवीस मिनिटं’ म्हणाले. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘चाळीस, डॉक्टर.’

मी त्या क्षणीसुद्धा खोटं बोलले. कापशी टेबलावर पडली होती आणि मी स्वतःची लाज झाकत होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. शांतपणे समजावलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो जेमतेम पंजांच्या गादीला. शरीर थंड करायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं, आणि आत घेतलेली हवाच गरम असेल तर त्या धापांचा काही उपयोग होत नाही. बंद गाडी उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा दहाएक अंश सेल्सिअसने तापते, आणि काच दोन बोटं उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. मी केलेली सगळी व्यवस्था माझ्या समाधानापुरती होती.

धोका त्या संध्याकाळी टळला नव्हता. उष्माघातानंतर मूत्रपिंडावर आणि रक्त गोठण्यावर दोन-तीन दिवसांनीही परिणाम दिसू शकतो, म्हणून पुण्यात आल्यावर लागोपाठ रक्ताच्या तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी तिने उकडलेल्या अंड्याचा तुकडा खाल्ला, तेव्हा लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. माझ्याशी ती त्या तीन दिवसांत फार बोलली नव्हती. तिचं बरोबरच होतं.

त्यानंतर मी मागच्या एकेक गोष्टीकडे नव्याने पाहायला लागले. कापशीचा तो खोकला, बदक ओरडल्यासारखा. मी तिला गळ्यातल्या पट्ट्याने ओढत चालवायचे. या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, तिच्या कुर्च्यांच्या कड्या ढिल्या पडू शकतात आणि गळ्याला ओढ बसली की त्रास वाढतो. छातीभोवती बांधायचा हार्नेस आणला आणि महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला. गाडीतही आता ती मांडीवर नसते. हार्नेस सीटबेल्टला अडकवून मागे बसते.

माझ्या मनगटावर एक वण आहे, तो मोरगावच्या आदल्या वर्षीचा. रात्री अकराला तिला खाली नेलं होतं, गल्लीतली दोन कुत्री भुंकत आली. मी किंचाळून कापशीला डोक्याच्या वर उचललं, म्हणून ती कुत्री तिच्या रोखाने उड्या मारायला लागली आणि एकाचा दात मला लागला. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली आणि रेबीजची सगळी इंजेक्शनं ठरल्या तारखांना घेतली, तेवढं नीट केलं. पण सोसायटीत मी वर्षभर त्या कुत्र्यांच्या तक्रारी करत फिरले. ती त्यांची हद्द होती, झोपायची वेळ होती, आणि आरडाओरडा मी केला होता. कापशीला अंगाशी धरून, त्यांच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरले असते तर बहुधा निभावलं असतं.

आणि ते वाक्य, ‘काही करत नाही हो ती!’ मी ते लिफ्टमध्ये, दुकानात, लोकांच्या घरात शंभरदा म्हटलं असेल. एकदा आमच्या इमारतीतली पाच वर्षांची मुलगी लिफ्टच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती आणि मी हसत तेच म्हणत होते. ती मुलगी पुढे बरेच दिवस जिन्याने जायची, हे तिच्या आजीकडून कळलं. मी त्यांच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. आता लिफ्टमध्ये कोणी असेल तर आम्ही दोघी पुढच्या फेरीसाठी थांबतो.

गेल्या दिवाळीनंतर नागपूरला बहिणीकडे जायचं ठरलं. आगगाडीत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट क्लासचा दोघांचा अख्खा कूपे किंवा चौघांची अख्खी केबिन राखून घ्यावी लागते. थ्री टियर, टू टियरच्या डब्यात चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. कूपे परवडत नव्हता आणि त्या पेटीत तिला ठेवायची माझी छाती झाली नाही. म्हणून पहिल्यांदाच तिला शेजाऱ्यांकडे ठेवून गेले. रोज दोनदा फोन करत होते. ती जेवत होती, लॅब्रेडोरच्या शेजारी झोपत होती, सकाळी त्याच्याबरोबर गवत हुंगत फिरत होती. नागपूरच्या त्या पाच दिवसांत बेचैन होते ती मी.

आता उन्हाळ्यात आम्ही सकाळी सहाच्या आत बाहेर पडतो. रस्त्यावर आधी माझा तळहात पालथा टेकवते. सात सेकंद ठेवता आला तरच तिचे पंजे. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिड आहेत का ते पाहते.

परवा बहिणीची मुलगी आली होती. सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन पिठलं-भाकरी खायचा बेत ठरला, ‘कापशीलाही घेऊ’ असं झालं. खाली गाडी उभी होती, दार उघडलं होतं. कापशी दोन पावलं पुढे आली, एक जांभई दिली आणि मागचे पाय दुमडून बसली. भाची वाकून तिला उचलायला गेली. ‘थांब जरा,’ मी म्हणाले. आम्ही तिघी तशाच उभ्या-बसल्या राहिलो. मिनिटभराने कापशी उठली, वळली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी तिच्या मागोमाग वर गेले, तिच्या वाटीत पाणी भरलं आणि शेजाऱ्यांची बेल वाजवली.