गादीपुराण

फर्स्ट इयरला शहाद्याला आलो, तेव्हा बाजारातून सगळ्यात स्वस्त फोमची गादी उचलली. दुकानात हाताने दाबून पाहिली, मऊ लागली, झालं! दोन महिन्यांत मधोमध खड्डा. सकाळी कंबर धरून उठायचो, आणि व्हायवाच्या दिवशी तर बुटाची लेस बांधायलाही वाकता येईना. मित्र म्हणाले, "फळीवर झोप." तेही केलं. मग खांदा धरला.

दिवाळीत आजीला सांगितलं. "हात टेकून गादी घेतली? झोपून बघायचं ना रे बेटा!" तिने पिंजाऱ्याकडून घरची कापसाची जुनी गादी पिंजून, घट्ट भरून दिली.

पुढे वाचनात आलं की २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनचा एक अभ्यास छापून आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यमवाल्यांना जास्त आराम. म्हणजे फळीवाले मित्र सपशेल नापास!

कापूस दबतो, गोळे होतात. म्हणून रविवारी गादी गच्चीवर. आपल्याकडच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, गादीला मात्र ते मानवतं. कंबर आता ठीक आहे.

फोमची गादी रूममेटने घेतली. म्हणतो, पाळण्यात झोपल्यासारखं वाटतं. त्याची व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे.