शाळेतला मेथीचा वाफा
जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वांग्याची भाजी पाहून तोंड फिरवणारी मुलं खानदेशातही आहेतच. त्यांना ‘भाजी खा’ म्हणण्यापेक्षा ती लावायला द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत ऑस्टिन परिसरातल्या 16 प्राथमिक शाळांत बागकाम आणि स्वयंपाक शिकवून पाहिला, तेव्हा मुलांचं भाजी खाणं वाढलं. लठ्ठपणावर मात्र फरक पडला नाही, हेही मान्य करायला हवं. पण आधी जिभेला चव तर लागू दे!

धुळ्यात पाणी कुठून आणायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण शाळेत रोज खिचडी शिजते. तिचे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वाफ्यात सोडलं, तर मेथीचा छोटा वाफा जगतो आणि महिनाभरात काढणीला येतो. उन्हाळ्यात वाफा मोकळा राहिला तरी हरकत नाही. पालकांनो, येत्या जूनमध्ये शाळेकडे एवढा एक वाफा मागाच.