चिंचेनं घासलेला रुपया

नाणी ठेवायला अल्बम लागतो, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. अमरावती काय नि अकोला काय, साठ-सत्तरच्या दशकातल्या ज्या पोरांना नाण्यांचा नाद लागला, त्यांची नाणी मिळेल तिथे राहिली. कोणाची बोर्नव्हिटाच्या डब्यात, कोणाची कंपासपेटीत, कोणाची आजोबांच्या चंचीत. ज्याची फोटो स्टुडिओवाल्याशी ओळख, त्याला कॅमेऱ्याच्या रोलची डबी मिळे आणि तो स्वतःला मोठा संग्राहक समजे. आज पाहिलं तर त्या सगळ्या जागांमध्ये शहाणी जागा तेवढीच होती. ती डबी पॉलिएथिलीनची, नाण्याला अपाय न करणारी. आम्ही मात्र तिच्यावर जीव टाकायचो तो झाकण उघडताना 'टप्प' वाजायचं म्हणून.

आता अल्बम निवडणं हा अभ्यासाचा विषय झाला आहे. पान कशाचं आहे ते आधी विचारायचं, किंमत नंतर. मऊ, लवचीक आणि नव्या रेनकोटचा वास येणारं पान बहुधा पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, प्लास्टिकमधून आम्ल सुटतं, आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. चांदीच्या रुपयात थोडं तांबं असतंच, त्यामुळे तोही सुटत नाही. चांगलं पान पॉलिएस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, जरा ताठ आणि बिनवासाचं. शंका आली तर तांब्याची तार लाल करून पानाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की ते पान परत. (भोक पडलेलं पान दुकानदार परत घेईल का, हा प्रश्न वेगळा.)

वऱ्हाडात तर याला उन्हाळ्याची साथ. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पलीकडे जातो तेव्हा वाईट प्लास्टिकचं वाईट काम आणखी झपाट्यानं होतं. खरं म्हणजे आपल्याकडची कोरडी हवा धातूला मानवते. पण आपण कूलर लावतो, खोली ओलीचिंब करतो आणि त्याच खोलीतल्या कपाटात नाणी ठेवतो. मग त्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. म्हणजे पाणी फवारायचा खर्च वेगळा आणि ते शोषून घ्यायचा वेगळा.

अल्बम आम्हीही केले होते, नाही असं नाही. लग्नसराई संपली की घरोघरच्या जाड पत्रिका गोळा करायच्या. नाणं ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचा, ब्लेडनं कापायचा, मिठाईच्या डब्यावरचा पारदर्शक कागद दोन्ही बाजूंनी लावायचा आणि कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चिकटपट्टी पिवळी पडे, तिचा गोंद पाघळे आणि राणीच्या गालाला लागे. तो खरवडायला पुन्हा ब्लेडच. एका नाण्याचे इतके हाल बहुधा बाजारातही झाले नसतील. तरी भर दुपारी, घरातली मोठी माणसं झोपलेली असताना, ओटीवर बसून तो गोल अगदी बरोब्बर कापण्यात जो तल्लीनपणा होता, तो घरपोच आलेल्या अल्बमचं वेष्टन फोडण्यात नाही. आता 'दोन बाय दोन' म्हणून पुठ्ठ्याची तयार चौकट मिळते, दोन इंच लांब, दोन इंच रुंद, मधे पॉलिएस्टरची खिडकी. नाणं ठेवायचं, घडी घालायची, पिना मारायच्या, आणि पिनांची टोकं पकडीनं चेपायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. दोन मिनिटांचं काम. उत्तम काम, खोड काढायला जागा नाही.

आमच्याकडे नाण्यांना वर्षातून एकदा अंघोळ असे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातले राणीछाप बंदे रुपये बाहेर निघत. चिंच आणि राख घेऊन ते आम्ही असे घासायचो की राणीच्या मुकुटाची नक्षी दर दिवाळीला थोडी थोडी कमी होत गेली. मग दूध, मग पाणी, मग हळदकुंकू. एरवी त्यांना हात लावला तर आजी ओरडायची, "काऊन रे पोट्ट्या, देवाचे पैसे कायले घेतले?" म्हणजे नाण्याला खरं संरक्षण आजीचं होतं, वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तिनं त्यांना आमच्यापासून राखलं आणि उरलेल्या एका दिवशी स्वतःच आमच्या हाती चिंच दिली.

आता कोणालाही विचारा, तो कानाला हात लावून सांगेल, नाणं घासू नका. त्याच्यावर काळानं चढवलेला तपकिरी किंवा करडा थर हीच त्याची अब्रू. धरायचं तर कडेनं, दोन बोटांत, खाली मऊ कापड घेऊन. पीव्हीसीचा चिकटा काढायला फार तर शुद्ध ॲसिटोन, तेही न घासता. सगळं खरं आहे. हळदकुंकवाचं मात्र या सल्ल्यांत कुठेच नाही. रुपयाच्या अक्षरांच्या खाचेत अडकलेलं कुंकू हे मळ समजायचं की थर, यावर आमच्या मित्रांत अजून एकमत नाही.

वऱ्हाडात नाणी ठेवायची याहून जुनी जागा म्हणजे गळा. बंजारा बायांच्या गळ्यात, मेळघाटातल्या कोरकू बायांच्या गळ्यात रुपयांचे आणि अधेल्यांचे हार असत. प्रत्येक नाण्याला वर कडी डकवलेली. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा तर जणू करदोट्यासाठीच पाडलेला; तो लेकरांच्या कमरेला बांधला जाई. आजचा संग्राहक त्या कडीचा डाग बघून हळहळतो, नाण्याची किंमत गेली म्हणतो. बाईला त्यात किंमत गेल्यासारखं कधी वाटलं नाही. दुष्काळ आला की एकेक रुपया हारातून सुटून सराफाकडे जाई. चांदीसाठी नावाजलेलं खामगाव जवळच. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात टक्क्यानं ९१ च्या वर चांदी, तेव्हा मुशीत तो सगळ्यांच्या आधी जायचा. किती व्हिक्टोरिया आणि किती एडवर्ड असे तोरड्या-पाटल्या होऊन गेले, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

आणि जी नाणी कोणीच जपली नाहीत, त्यांचं काय झालं? १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे १,६०० नाणी. अभिजात चांदीसोन्याची नव्हेत, मिश्रधातूची साधी नाणी. इतिहाससंशोधक डॉ. वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे पुराणांच्या याद्यांत न आलेले राजे त्यांवरून उजेडात आले. शेकडो वर्षं मातीत, ना पॉलिएस्टर ना सिलिका जेल. तेव्हा 'काय हिरवं पडेल, काय काळं पडेल' या काळजीनं आपण जी झोप घालवतो, ती थोडी कमी करायला हरकत नाही. अर्थात नांगराला सापडलेलं नाणं अल्बममध्ये घालण्याआधी १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आठवावा. दहा रुपयांवरचं धन सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं, आणि ते दहा रुपये १८७८ चे.

आम्ही जमवत होतो ती नाणी बहुतेक चलनातलीच. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, नंतर ॲल्युमिनियमची चिल्लर आली. चौकोनी एक पैसा, वजन पाऊण ग्रॅम, फुंकर मारली तर उडेल असा. षट्कोनी तीन पैसे. नागमोडी कडांचे दहा पैसे. मित्रांत अदलाबदल चालायची. एका चवलीला पाच तीनपैशे, एका ढब्बू पैशाला रंगीत गोट्या. कोणत्या टाकसाळीचं नाणं, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. जे सुंदर दिसेल ते वर आणि जे दोनदा आलं ते बदलायला. डब्यात एकही जागा रिकामी नव्हती, कारण डब्यात जागाच नव्हत्या.

छापील अल्बमनं नेमकं इथेच आमचं काहीतरी नेलं, असं मला वाटतं. आता प्रत्येक कप्प्याखाली सन आहे आणि टाकसाळ आहे. सनाखाली हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. एका वर्षाचा एक रुपया एकदा मिळाला म्हणून भागत नाही, तो चार ठिकाणचा हवा. पान उघडलं की डोळा भरलेल्या कप्प्यांवर ठरत नाही, रिकाम्यावर जातो. पूर्वी आम्ही आहे ते मोजायचो, आता नाही ते मोजतो. या शिस्तीमुळेच आम्ही नाणी वाचायला शिकलो, तेही खरं. आमच्या डब्यातल्या ज्या नाण्यांना 'एकच' समजून दोनदा, तीनदा बदलून टाकलं, त्यांत काय काय गेलं असेल, ते आता त्या रिकाम्या कप्प्यांकडे बघून कळतं.

पैसाही तोवर लहान होत गेला. राणीछाप रुपयाला ३२ मिलिमीटरच्या आसपासची खिडकी लागते, २०११ च्या रुपयाला २२ पुरते. त्याच वर्षी ३० जूननंतर पावली आणि तिच्याखालची सगळी चिल्लर व्यवहारातून गेली. तेव्हापासून सुट्ट्यांऐवजी चॉकलेट, आणि आता तर क्यूआर कोड. गल्ल्यात हात घालून जुनं नाणं शोधू देणारा किराणेवाला कुठून आणायचा? नाणी मिळतात ती प्रदर्शनात, लिलावात, मोबाइलवर. मोबाइलवर तर अमुक छापाचं पाच रुपयांचं नाणं लाखो रुपयांना विका, असंही सांगणारे भेटतात. अशा व्यवहारांत आपलं नाव वापरलं जातंय, सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जाहीर करावं लागलं.

आमच्या मित्रमंडळानं शेवटी पॉलिएस्टरचेच अल्बम घेतले. दोन बाय दोनच्या पुठ्ठ्यांवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं ठरलं, कारण बॉलपेनची शाई उमटते. धातू, वजन, सन, टाकसाळ. लिहायला बसलो तर निम्म्या पुठ्ठ्यांवर भलतंच आलं: 'मोठी आत्या, दर्यापूर', 'बडनेरा स्टेशन, चहाच्या सुट्ट्यांत', 'बाळूकडून, सात गोट्या'. नाण्यांचा व्यापार करणारे एक जाणकार ते पाहून म्हणाले, साहेब, असलं लिहू नका, भाव पडतो. त्यातही हा रुपया तर घासलेला आहे. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, विकायचंय कोणाला? ते उठून दारापर्यंत गेले, तेवढ्यात आमच्यातल्याच एकानं हळूच विचारलं, तरी पण घासलेल्याचे किती येतील?