भाजीवालीचं गाव

पहिला पाऊस पडला की खोपोलीत आमच्या दारात एक ठाकर बाई यायची. डोक्यावर पाटी, पाटीत शेवळं आणि सोबत काकडं. पुढे टाकळा, कुरडू, मग करटुली. अम्मी तिला 'बाय' म्हणायची, ती अम्मीला 'भाभी'. वीस रुपयांच्या वाट्यावरून दोघींची घासाघीस चालायची. पंधराला सौदा झाला की आम्हाला जिंकल्यासारखं वाटायचं. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं.

१९ जुलै २०२३. त्या संध्याकाळी मोहरमचा चांद होऊन नवं हिजरी साल लागलं होतं. पाऊस थांबत नव्हता. रात्री आमच्याच खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चाळीस-पन्नास घरांची ठाकर वस्ती. वर जायला गाडीरस्ता नाही, नुसती निसरडी पायवाट. मोठी यंत्रं पोचेनात, म्हणून जवानांनी, गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. मदतीसाठी चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच गेला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला.

चौककडे मदतीचा ओघ लागला. आमच्या मोहल्ल्यातूनही तांदूळ, चादरी, बिस्किटं जमली. टेम्पो भरताना अम्मी एकदम थांबली. "आपली बाय कुठल्या वाडीची रे?"

कुणालाच माहीत नव्हतं. पेपरात आलेली मृतांची यादी अम्मीनं मला दोनदा वाचायला लावली. पण नावच ठाऊक नाही, तर त्यात शोधणार काय?

मदत करताना आपलं मन मोठं आहे असं मला वाटत होतं. ते तिथेच खाली आलं. अनोळखी माणसांसाठी आम्ही टेम्पो भरला होता, आणि जिच्या हातची भाजी इतकी वर्षं खाल्ली तिला कधी नाव विचारलं नव्हतं. दरड कोसळली की कुणाचंही काळीज हलतं. रोज दारात येणाऱ्या माणसासाठी मात्र ते हलवावं लागतं, आणि तेच आपण टाळतो.

ऑगस्टअखेर ती आली, पाटीत करटुली घेऊन. अम्मीनं दारातच तिचा हात धरला आणि आधी नाव विचारलं, मग गाव. नाव सांगताना ती लाजली. वाडी कर्जतच्या बाजूची निघाली.

"पण तिथं आमची सोयरीक होती, भाभी," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. अम्मीनंही विचारलं नाही. आत नेऊन बसवलं, चहा दिला.

निघताना अम्मीनं पन्नासची नोट पुढे केली. बायनं कमरेची पिशवी सोडली आणि तीस रुपये मोजून परत दिले. "वाटा वीसचाच हाय."

त्या दिवशी घासाघीस झाली नाही. नंतरही झालेली नाही.