दाराची कडी

घरात कुठे काय असावे, याविषयी आम्हां मध्यमवर्गीयांची मते मोठी ठाम असतात. ओटा किती उंच असावा, देवघराचे तोंड कुठल्या दिशेला असावे, पाहुण्यांच्या दृष्टीला चपलांचे कपाट पडावे की पडू नये, यावर आम्ही तासन्‌तास वाद घालू शकतो. पण नवराबायकोची म्हणून जी खोली असते तिच्यात काय असावे, असे कुणी विचारले की सगळ्यांची दातखीळ बसते. नवे घर दाखवताना त्या खोलीचे दार किंचित किलकिले करायचे, "ही बेडरूम" एवढे म्हणायचे आणि पुन्हा लोटून घ्यायचे, असा आपला रिवाज आहे.

आमच्या डोंबिवलीच्या घरात अशी एक खोली आहे. दहा बाय अकराची. दुसऱ्या खोलीत माझी आई आणि बारा वर्षांची मुलगी निजतात. कागदोपत्री ही खोली आमच्या दोघांची. प्रत्यक्षात तिच्यात सगळ्या घराच्या कपड्यांचे कपाट होते, इस्त्रीचे टेबल होते, पाहुण्यांच्या गाद्यांची चवड होती, मी मोठ्या निश्चयाने आणलेली व्यायामाची सायकल होती आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही होते. दाराला कडी होती, पण ती पहिल्या पावसाळ्यात दार फुगल्यापासून लागत नव्हती, आणि ती लागत नाही याची खंत आठ वर्षांत कुणाला वाटली नव्हती. थोडक्यात, आमच्या खोलीत आम्ही दोघे सोडून बाकी सगळे होते.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री मी उत्तरपत्रिका तपासत बसलो असताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वर्षभरात तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात ना, त्यातलं निम्मं गॅसच्या सिलिंडरबद्दल होतं."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आपल्याला धड भांडायलासुद्धा जागा नाही या घरात."

लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर बायको भांडायला जागा मागते, तेव्हा शहाण्या नवऱ्याने लाल पेन खाली ठेवावे. मी ठेवले. ती खोली पुन्हा आपली करायची, असे त्या रात्री ठरले.

आता माझी पंचाईत सांगतो. मी मराठीचा प्राध्यापक. राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या मी वर्गात न अडखळता शिकवतो. हालाची गाथासप्तशती आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातला शृंगार किती मोकळा आणि किती घरगुती आहे, यावर माझे एक ठरलेले व्याख्यानच आहे. असा हा रसिक गृहस्थ हार्डवेअरच्या दुकानात कडी मागायला गेला आणि घामाघूम झाला.

"कुठल्या दाराला? बाथरूमच्या?"

"नाही. आतल्या खोलीच्या."

"आतून लावायची की बाहेरून?"

"आतून," मी इतक्या हळू म्हणालो की त्याने पुन्हा विचारले. मागे उभ्या असलेल्या दोघांनी मात्र ते पहिल्याच वेळी ऐकले असावे.

घरी येऊन मी वात्स्यायनाचा आधार शोधला. लोक समजतात तसा तो ग्रंथ नुसता आसनांचा नाही. नागरकाच्या दिनक्रमाचे जे प्रकरण आहे, त्यात त्याच्या खोलीची यादी आहे, आणि ती एखाद्या चोखंदळ गृहिणीने करावी तशी आहे. मऊ, मध्ये किंचित खोलगट बिछाना. दोन्ही बाजूंना उशा. वर पांढरीशुभ्र चादर. उशाशी एका चौथऱ्यावर उटणे, फुलांच्या माळा, मेणाची डबी, सुगंधाची पुडी, महाळुंगाची साल आणि विडे. जमिनीवर पिकदाणी. खुंटीला वीणा, चित्राचा फलक, कुंचल्यांची पेटी आणि कुठलेसे एक पुस्तक. ते "कुठलेसे एक पुस्तक" मला फार आवडले. मुद्दा असा, की त्या खोलीत भोगाच्या वस्तूंपेक्षा निवांत वेळ घालवण्याच्याच वस्तू अधिक आहेत. दोन माणसांनी एकमेकांपाशी नुसते असावे, यासाठी ती सजवलेली आहे. कडीचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही. नागरकाच्या पलीकडच्या खोलीत आई निजत नसावी.

कडीची गरज अमरूच्या नायिकेला विचारावी. रात्रीचे बोलणे पिंजऱ्यातल्या पोपटाने ऐकले आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तो ते जसेच्या तसे म्हणू लागला. बिचारीने कानातले माणिक काढून, डाळिंबाचा दाणा भरवल्याचे मिष करून, त्याची चोच बंद केली. आपल्या एकत्र कुटुंबांत असे पोपट कमी नसतात. आणि सगळ्यांच्याच तोंडात माणिक कुठून कोंबणार?

पूर्वीच्या वाड्यांत ओटी, माजघर, माडी होती. माडीवर नव्या जोडप्याला निदान आडोसा मिळे. मुंबईच्या चाळीने तोही काढून घेतला. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तिथे एका बिऱ्हाडाला खोली मिळे १६० चौरस फुटांची. गिरगावातली आमची चाळ निराळी, पण हिशेब तोच. दोन खोल्या आणि सात माणसे. याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी घालवली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. तरी नवराबायकोला दोन घटका एकांत कुठून आणायचा, हे कोडे चाळीत सुटले नाही. राजा ठाकुरांच्या 'मुंबईचा जावई' या १९७० च्या चित्रपटात हेच दुःख होते. त्यावरूनच १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' निघाला. लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांतले कितीतरी जण रात्री घरी जाऊन मधल्या पडद्याच्या अलीकडे गुपचूप निजले असतील.

असो. सुतार आला. हा मनुष्य वात्स्यायनाहून व्यवहारी निघाला. त्याने पलंग एकदा हलवून पाहिला आणि काही न विचारता म्हणाला, "सर, बोल्ट ढिले झालेत. पट्ट्यांखाली नमदा घालतो, आवाज जाईल." मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग त्याने दाराखालची फट दाखवली. आवाज भिंतीपेक्षा तिथूनच जास्त जातो, म्हणाला; खाली रबरी पट्टी लावली. दार तासून चौकटीत नीट बसवले. आईच्या खोलीकडची भिंत चार इंची. तिच्यालगत त्याने पुस्तकांचे उंच कपाट ठेवायला सांगितले. भरलेले कपाट आवाज बराच अडवते. माझ्या संग्रहातले समीक्षेचे सगळे जाड ग्रंथ त्या भिंतीशी लागले. मराठी समीक्षेचा इतका प्रत्यक्ष उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बाकीचे आम्ही दोघांनी केले. डोळ्यांत खुपणारी पांढरी ट्यूब काढून कोपऱ्यात पिवळ्या, मंद उजेडाचा दिवा लावला. जाड सुती पडदे आले. इस्त्रीचे टेबल आणि गाद्या बाहेर गेल्या. सायकल तर इमारतीच्या रखवालदाराकडे कायमची गेली. मोबाइलच्या चार्जिंगची जागा दिवाणखान्यात नेली. सौभाग्यवतींनी खिडकीशी दोन बुटक्या खुर्च्या मांडल्या. "पलंगावर बसलं की झोपच येते," ती म्हणाली, "बोलायला खुर्च्या हव्यात."

शेवटी कडी राहिली. सुतार भोके पाडत असताना आई दारात येऊन उभी राहिली. मी काहीतरी सारवासारव करू लागलो, चोरांचे नाव काढले, वाऱ्याने दार आपटते म्हटले. आईने सगळे ऐकून घेतले आणि सुताराला म्हणाली, "चांगली भक्कम लाव रे बाबा. पितळी असेल तर ती लाव."

सुतार गेल्यावर ती म्हणाली, "चाळीतल्या समोरच्या काकू आठवतात का तुला? दर महिन्यात एका रविवारी तुम्हां पोरांना राणीच्या बागेत घेऊन जायच्या?"

आठवत होत्या. आमच्यावर त्यांचा फार जीव, अशी माझी आजवरची समजूत होती.

"त्यांना काय माकडं बघायची हौस होती? माकडं तर घरातच होती. तुझ्या आजीला त्या कीर्तनाला पाठवायच्या आणि तुम्हांला बागेत न्यायच्या. पुढच्या रविवारी त्यांची पोरं मी न्यायची." एवढे बोलून आई कणीक भिजवायला निघून गेली. वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली होती. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होते ते मी पूर्वी पाहिले नव्हते.

त्या रात्री आम्ही कडी लावली. खट्‌ असा आवाज झाला आणि दोघेही चोरासारखे दचकलो. मग खुर्च्यांवर बसलो. दिवा छान होता, पडदे छान होते, आणि आम्हांला एक शब्द सुचेना. बऱ्याच वेळाने मी काहीतरी म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कुजबुजताय का?" खरेच, मी कुजबुजत होतो. चाळीत लागलेली सवय डोंबिवलीतही सुटली नव्हती.

आणि मग ती बोलू लागली. २०११ साली आमचे एक मूल पोटातच गेले. पाचवा महिना होता. तेव्हा आम्ही चाळीतच होतो. येणारे-जाणारे, डॉक्टर, काढे, "होईल पुन्हा" म्हणणाऱ्या बायका यांत ते दिवस निघून गेले. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जाई आणि तासभर येत नसे. मला वाटे, गप्पा मारत बसली असेल. "मी तिथे रडायचे," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी वर याल, असं वाटायचं. तुम्ही आला नाहीत." हे ती मोठ्याने म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने. मी काय उत्तर देणार? तिचा हात धरला, आणि मलाही रडू आले; तेही पहिल्यांदाच. समीक्षेच्या ग्रंथांनी ते अडवले की नाही, मला ठाऊक नाही.

त्या खोलीत पुढे काय झाले, हे सांगण्याची जागा दिवाळी अंक नव्हे. त्यासाठीच तर कडी लावली. एवढेच सांगतो, की गॅसच्या सिलिंडरविषयी आम्ही आता स्वयंपाकघरातच बोलतो.

पुढच्या रविवारी जेवणे झाल्यावर आईने नवे लुगडे काढले आणि नातीला हाक मारली. "चल ग, फडके रोडवर जाऊन येऊ. गणपतीचं दर्शन घेऊ, मग तुला आइस्क्रीम देते."

"आत्ता? एवढ्या उन्हात?" मी विचारले.

"आम्हांला ऊन लागत नाही," आई म्हणाली.

दोघी तीन तासांनी आल्या. आईच्या पिशवीत घराची किल्ली नेहमी असते. तरी तिने बेल वाजवली, आणि आम्ही दार उघडेपर्यंत जिन्यात उभी राहिली.